अडतीस कंबर

कायतान मेस्तानं टेप कमरेला लावलाच नाही,
हवेतच धरला, एक डोळा मिटला
आणि वहीत लिहिलं: अडतीस. खालून चार इंच कापायची.
कोणासाठी, असं विचारलं नाही.
चाळीस वर्षं माझे ब्लाउज शिवतोय तो,
माझं वजन त्याला माझ्याआधी कळतं.
कापलेले दोन तुकडे कागदात बांधून दिले:
दवर बाये, उपकारतलें.

मी वास्कोची. बायणाच्या चढावर घर.
बंदरात कोळसा उतरला
की दोरीवरचं सगळं संध्याकाळपर्यंत राखाडी.
टेलिफोन एक्स्चेंजात बत्तीस वर्षं
जहाजवाल्यांचे कॉल जोडले,
कोबे, रॉटरडॅम, लाइनवर राहा.
स्वतः गेले ती लाँचमधून, दोनापावलपर्यंत,
तेही ओकत.

निघायच्या आदल्या दिवशी फोंड्याहून नणंद:
क्रूझला जा हो, हौस कर,
पण वयाला शोभेल असं घाल काहीतरी.

शोभेल.
सोळाव्या वर्षी बिनबाह्यांचं शोभत नव्हतं, मुलीच्या जातीला.
सव्विसाव्या वर्षी गाऊनवर गॅलरीत येणं, सुनेला.
चाळिशीत लाल, दोन मुलांच्या आईला.
आता चौसष्टाव्या वर्षी जीन्स.
म्हणजे शोभायचं वय मध्येच कुठेतरी येऊन गेलं,
एखादा मंगळवार असणार,
मी ड्यूटीवर होते.

जहाजावर पहिले दोन तास
मी लाकडी बाहुलीसारखी चालले.
कुंदा म्हणाली, मागून कळत नाहीस गं.
पुढून? पुढून तूच.
मग खिसा सापडला.
म्हणजे होताच, हात आत्ता गेला.
केबिनचं कार्ड, आल्याची वडी, जसिंताचा चष्मा,
सगळं मावून वर माझी बोटं.
जन्मभर पैसे कमरेला, रुमाल छातीशी,
किल्ल्या कोणाच्या तरी हातात.
गोदीतले सुपरवायझर असे उभे राहायचे
खिशात हात घालून,
वाटायचं, केवढं काम असेल यांना.
काही नसतं. नुसतं बरं वाटतं.

दुसऱ्या रात्री जेवणाच्या दारात
सावंतवाडीचा पोरगा, गळ्याला बो, कान लाल:
काकू, सॉरी हं, आज जीन्स चालत नाही.
का रे, वयाला?
नाही हो काकू, वाराला. आज फॉर्मल नाइट.
जसिंता इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली.
आमच्या शेजारून एक आजी आत गेली,
टिकल्यांचा झगा, गुडघे उघडे,
कानात यंत्र, हातात काठी.
पोरानं तिला वाकून दार धरलं.
मी तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिले.
माझ्या जिभेवर तोच शब्द आला होता.
गिळला. आल्याच्या वडीबरोबर.

मग आम्ही वर डेकवर
कागदी बशांतून नूडल्स खाल्ल्या.
कुंदाचा पदर दोनदा सॉसमध्ये, एकदा माझ्या तोंडावर.
ती एका हातानं जेवली,
दुसरा पूर्ण वेळ वाऱ्याला दिलेला.
मी दोन्ही हातांनी.

चौथ्या दिवशी पहाटे मुरगाव.
क्रेन, कोळशाचे ढीग, बार्जेसची रांग,
सगळं उलट्या बाजूनं,
ब्लाउज आतून बघावा तसं, टाके दिसणारं.
चढावरची घरं काड्यापेट्यांएवढी.
दोरीवर मी एक साडी विसरून आले होते, पोपटी.
आता कसली पोपटी.

मागच्या खिशात फोन थरथरला. फोंडा.
पोचलीस? आणि काय घातलं होतंस शेवटी?
जसिंता बोट दाखवत होती, ते बघ, ते तुझं,
आणि मला ते अजून सापडत नव्हतं.
मी म्हटलं,
लाइनवर राहा.