पेट्रोलचा कॉक

साडेआठला मी शटर अर्धं ओढतो
आणि कटिंगच्या टेबलावर खडूनं भोर काढतो.
पांढरा रस्त्यांना. निळा नदीला.
पुलापाशी फुली, ती आता हाताला
कॉलरच्या वळणाइतकी पाठ आहे.

शेटे मेडिकलवाले येतात, तनपुरे पोस्टमास्तर येतात,
गुलाब मुलाणी येतो नखांत सायकलींचं ग्रीस घेऊन,
आणि अंकुश खुटवड, पिग्मी एजंट,
सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्याच मंगळवारी
पुन्हा लुनावर बसतो.

एवढं सगळ्यांना मान्य:
लुना पुलाच्या कठड्याशी होती, स्टँडवर, नीट.
पिशवी नव्हती. पिशवीतले तीन हजार आठशे चाळीस नव्हते.
अंकुश नव्हता.
आणि पेट्रोलचा कॉक बंद होता.

जीव द्यायला निघालेला माणूस
कॉक कशाला बंद करील, शेटे म्हणतात.
त्याला गाठलं कुणीतरी. ओळखीच्यानं.
सवय असते हो, गुलाब म्हणतो,
माझा चुलता शेवटचा दवाखान्यात निघाला
तेव्हा चपला जोडून ठेवून गेला, अनवाणी.
तनपुरे मग सुरतेचं पाकीट काढतात,
स्वतः सॉर्टिंगला पाहिलेलं,
पाठवणाऱ्याचं नाव नाही, अक्षर ओळखीचं.
दर वर्षी त्या पाकिटावर एक तिकीट जास्त चिकटतं.

मी खडू धरून हं हं म्हणतो.
एकदा नदी पुसायची राहिली
आणि मांढरे वकिलांच्या पँटपीसवर उतरली.
हे काय, म्हणाले.
म्हटलं, धुतलं की जातं.

काढून काढून उशिरा लक्षात आलं:
शेट्यांच्या गोष्टीत तो मेडिकलवरून जातच नाही.
गुलाबच्या गोष्टीत गुलाबचं दुकान लवकर बंद होतं.
तनपुरे त्या दिवशी रजेवर, दर वेळी वेगळ्या कारणानं.
जो तो त्याला दुसऱ्याच्या गल्लीतून नेतो.
माझं दुकान
टेबलाच्या कडेबाहेर राहतं. जागा पुरत नाही, मी म्हणतो.

परवा त्याची मुलगी आली. कात्रजला असते.
बापाचा शर्ट घेऊन,
पोराला बसेल असा करून द्या म्हणाली.
कॉलरच्या आत माझंच लेबल, अजून लाल.
चौथं बटण दुसऱ्या रंगाचं, तेही मीच लावलेलं.
आदल्या रात्रीची नदी टेबलावर तशीच होती.
तिनं पाहिली. विचारलं काही नाही.
फक्त बोटानं फुली पुसली
आणि चार बोटं अलीकडं ठेवली.
इथं, म्हणाली. मी गेले होते आईबरोबर.
शनिवारी येऊ का?

तो आला होता. सात वाजून गेले होते.
दारात लुना लावली, वाकून कॉक बंद केला,
म्हणजे घटकाभर बसणार होता.
बोलायचंय म्हणाला.
लग्नसराई होती, सात सफारी राहिल्या होत्या,
मी मशिनवरून मान वर केली नाही.
उद्या ये, म्हटलं. सुट्टेही नाहीत.
गल्ला सुट्ट्यांनी भरला होता.
तो थोडा उभा राहिला. मग पायडल मारल्याचा आवाज.
परत वाकल्याचं
मला दिसलं नाही. मी बघतच नव्हतो.

हवालदारानं तेव्हा विचारलं होतं,
तुमच्याकडं आला होता का?
माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी मान हलवली.
कुठल्या बाजूला हलवली, ते त्यानं ठरवलं.

आज गुलाबला विचारलं, उगीच,
काजं करता करता:
कॉक बंद ठेवून लुना किती चालते रे?
कार्बोरेटरात असेल तेवढी, तो म्हणाला.
अर्धा मैल फार तर. का?
शेटे माझ्याकडं बघायला लागले.
तनपुऱ्यांचं पाकीट हातातच राहिलं.

काही नाही, म्हटलं.
गळ्यातला टेप काढला, पुलावर एक टोक दाबलं,
दुसरं टोक ओढत ओढत आणलं
कडेपर्यंत. तिथून पुढं
टेबल नाही.