शीग

गाव काय खातं ते माझ्या गिरणीला कळतं.
डोळे मिटून आवाजावरून सांगीन:
ही बाजरी, हा शाळू, हा रेशनचा गहू, ओलसर.
मधली दहा-बारा वर्षं पट्टा निम्मा दिवस गप्प असायचा.
नदीपासून डांबरीपर्यंत ऊसच ऊस,
आणि पीठ यायचं पिशवीतून,
कुठल्या मुलखातलं ते पिशवीलाच ठाऊक.
वावगं कुणालाच वाटत नव्हतं.
खोटं कशाला बोलू, मलासुद्धा.

मग ते पाणी आलं.
मोटरीवर दीड पुरुष कृष्णा.
पूल बुडाले, टेम्पो पलूसलाच अडले,
दुकानांच्या फळ्या तिसऱ्या दिवशी मोकळ्या.
शाळेच्या वरच्या मजल्यावर तीनशे माणसं, एक गॅसची टाकी,
आणि खिडकीतून दिसणारे उसाचे शेंडे.
ऊस काय पोरांना जेवायला वाढायचा?
(सर्जेरावनं वाढला. पोरं दोन दिवस चघळत होती.)

सहाव्या दिवशी होडीतून पोती आली.
जतकडची. जिथं टँकरची वाट बघतात, तिथली.
आत कडक भाकरी, पापडासारखी,
शाळूची, तीळ थापलेली, महिनाभर न विटणारी,
मध्ये शेंगाचटणीचे पुडे.
एका पोत्यावर खडूनं काही लिहिलेलं,
मराठी की कानडी, ओल्यानं पुसलेलं.
बायडाक्का चवड्यावर बसून मोजायला लागली.
"मोजतीस काय?"
"मोजाय नको? उसनं हाय ते."

आमच्यात रीत आहे:
घेताना वाटी सपाट, फेडताना शीग.
फेडायच्या वाटीवरनं बोट फिरवणाऱ्याला
दुसऱ्यांदा कुणी वाटी देत नाही.

माघात आम्ही वर गेलो,
दोन टेम्पो वाढं त्यांच्या जनावरांना,
गूळ, हळकुंडं, केळीचे घड.
सिद्धव्वाच्या दारात पाणी मागायची लाज वाटत होती.
तिनं तांब्या भरून दिला, वर विचारलं,
"इलाहीअण्णा, नदी बरी हाय का आता?"
जसं कुणी आजारी माणसाचं विचारतं.

मोरीच्या कडेला वांग्याची तीन झाडं.
बायडाक्का वाकली, पान उलटं केलं, देठाचा काटा चाचपला.
"आगं, हे आमचं हाय."
नदीकाठचं, पातळ सालीचं, जे आमच्याकडं
डब्यांसकट, उतरंडीसकट वाहून गेलं होतं.
सिद्धव्वाची जाऊ आमच्या भागातली.
तिच्या ओटीतनं कधीतरी आलेलं बी
इथं भांडी धुतल्या पाण्यावर जगलं होतं.
राखेत घोळून चिंधीत बांधून दिलं तिनं.
बायडाक्कानं डोळ्याला लावलं नि कमरेला खोचलं.

ऊस गेलेला नाही. ऊस असा जात नसतो.
पण बांधाला चार-चार सऱ्या वांगी, घेवडा, मका दिसतो,
आणि गुरुवारी वरची गाडी येते.
शाळू खाली उतरतो, वांगी वर चढतात,
दर दोन्हीकडच्या बायका ठरवतात, भांडून.
भिंतीवरच्या पुराच्या रेघेच्या वर दोन हात
मी एक फळी ठोकलीय, बियांच्या बाटल्यांसाठी.
पाणी तिथवर येणार नाही असं काही नाही.

कुणाकडं किती निघतं, वहीत बघा म्हणतात पोरं.
वही आहे. मी बघत नाही.
दळताना आधीच्याचं थोडं पीठ
पुढच्याच्या डब्यात उतरतंच.