विहीणबाईंना शहर दाखवताना

विहीणबाई तब्रीझहून आल्या
अक्रोडांचा डबा, गुडघ्याची पट्टी
आणि एक यादी घेऊन.
यादीत माझंच शहर होतं,
अनुक्रमांक घालून.

एकसष्ट वर्षं काढली मी इस्फहानात,
तांबटांच्या बाजारामागे, तिसऱ्या बोळात.
मोठं मैदान म्हणजे
भाजीची पिशवी घेऊन तिरकं कापायचं अंतर.
घुमटाचा निळा म्हणजे
वाळत घातलेल्या चादरीच्या वर
जेवढा उरतो तेवढा.
तिकीट काढून मी कुठेच गेले नव्हते.
पण हे सूदाबेखानमना कशाला सांगा?

"हा अली कापू," मी ठसक्यात म्हटलं.
आयदिन, माझा जावई, मागे खोकला.
पायऱ्या उंच, एकेक गुडघ्याएवढी,
दर वळणावर आम्ही दोघी
नक्षी बघायच्या निमित्ताने थांबलो.
सगळ्यात वर गाण्याची खोली.
भिंतभर कोनाडे, सुरईच्या आकाराचे, प्याल्यांच्या आकाराचे,
आत काही नाही.
"भांडी चोरीला गेली वाटतं," विहीणबाई म्हणाल्या.
"सूर अडकून राहावेत म्हणून केलंय तसं,"
मी सांगितलं.
मला ते दोन मिनिटांपूर्वी
जिन्यात एका शाळकरी पोराने सांगितलं होतं.

चाळीस खांबांच्या महालात
वीसच खांब निघाले.
त्यांनी दोनदा मोजले.
हिशेबाची पक्की बाई,
लग्नातली किती ताटं परत आली नाहीत
हे त्यांना अजून पाठ आहे.
"बाकीचे वीस पाण्यात असतात, तळ्यात, उलटे."
तळं उपसलेलं होतं.
रबरी बूट घातलेला एक माणूस
खराट्याने शेवाळ काढत होता.
"उरलेले उद्या," तो मान वर न करता म्हणाला.

मशिदीत घुमटाखाली एक काळा दगड आहे.
त्यावर उभं राहून आवाज केला की तो परत येतो,
सात वेळा, असं म्हणतात.
कोणी टाळी वाजवत होतं,
कोणी कोरी नोट फटकन ताणत होतं.
माझी पाळी आली, मी टाच आपटली.

ठक्.
ठक्. ठक्.

नादअली.
परातीचा काठ वळवताना
असाच पडायचा हात त्याचा,
एक मोठा घाव, मागून लहान लहान, विझत गेलेले.
शेवटची नऊ वर्षं ठार बहिरा होता.
जेवायला बोलवायचं तर
मी त्याच्या ऐरणीवर चमचा वाजवायची,
हादरा कळायचा त्याला, मनगटात.
इथे आला असता
तर तळपायांनी मोजले असते त्याने.
आला नाही.
दुकानापासून चालत सात मिनिटं.

"किती झाले?" विहीणबाईंनी विचारलं.
"मोजले नाहीत."
"मी मोजले. पाच."
मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या,
"पुन्हा आपटा."
मागे रांग होती.
मी पुन्हा आपटली.

यादीत शेवटचा, तेहेतीस कमानींचा पूल.
कमानी होत्या तेहेतीस, त्यांनी खातरजमा केली.
खाली नदी नव्हती.
"गेली कुठे?"
"वरून सोडली की येते," मी म्हटलं,
"चार दिवस राहते, माहेरवाशिणीसारखी,
तेव्हा अख्खं गाव काठावर येऊन बसतं,
कोणाच्या घरी चूल पेटत नाही."
हे मात्र मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

भेगाळलेल्या पात्रात
पायडलच्या होड्या कलंडलेल्या,
हंसांच्या आकाराच्या,
एकाची चोच तुटलेली.
विहीणबाई उतरल्या, गुडघ्यावर हात देत,
आणि चोच असलेल्या हंसात जाऊन बसल्या.
"या."
मी चादर सावरून शेजारी बसले.
आयदिनने फोटो काढला,
मग फोन आला म्हणून लांब गेला.

त्यांनी पायडल मारायला सुरुवात केली.
करकर वाजत होतं.
"कुठवर जायचं?"
"खाजूच्या पुलापर्यंत," मी म्हटलं,
"पण जरा हळू मारा,
चपला नव्या आहेत,
भिजतील."