पी-शून्य-सहा-एक-पाच

स्कॅनर एवढंच बोलला:
पी-शून्य-सहा-एक-पाच. स्टार्टर रिलेचं सर्किट.
तान्हं पोर पोटाशी पाय घेऊन रडतं
आणि ठणकत असतो कान,
तसला हा नंबर.

तासगावात, सांगली नाक्यावर गॅरेज आहे माझं, शिकलगारांचं.
पलीकडे बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज.
त्याच्या कॉम्प्रेसरच्या घरघरीत
रिलेची टिक् ऐकायची म्हणजे
कान बॉनेटमध्ये घालावा लागतो.

गाडी वैजयंता झांबरे मॅडमची.
अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका, रोज चार गावं.
कुंडलच्या एका पैलवानाकडून चैत्रात घेतलेली.
"कधी सेल घेते, कधी मुकी बसते," त्या म्हणाल्या,
"मला वाटतं, माझा हात तिला पसंत नाही."

मी ऐकून घेतलं.
बॅटरी बारा पॉइंट सहा.
अर्थिंगचा बोल्ट घासून चकचकीत.
हॉर्नचा रिले काढून स्टार्टरच्या जागी,
स्टार्टरचा हॉर्नच्या:
हॉर्न असा बोंबलला की चहावाला बाहेर आला.
म्हणजे रिले बेकसूर.
चावी मी फिरवली. दहा वेळा. दहाही वेळा इंजिन उठलं.
यासिननं फिरवली, उठलं.
मॅडम बसल्या:
टेस्ट लॅम्प काळा.

तुटलेली वायर माणूस बघत नाही.

तेव्हा बॉनेट सोडून
मी त्यांच्या पायाकडे पाहिलं, आणि लगेच म्हणालो, माफ करा.
चप्पल बाजूला काढून ठेवलेली,
सीट पैलवानाच्या मापाची, पार मागे,
आणि क्लचवर नुसती बोटं,
उंच फळीवरचा डबा काढताना
जमिनीला टेकतात तशी.

मॅटखाली निळ्या रबराचा भुगा.
पेडल तळाला गेलं की बटण दाबायचं,
एवढीच नोकरी होती त्या रबराला,
आणि ते झिजून निम्मं उरलेलं.
पैलवानाला कळलंही नसेल.
त्याचा पाय जायचा तो थेट पत्र्यापर्यंत,
बटणाची काय बिशाद.
कॉम्प्युटरनं नाव घेतलं रिलेचं;
रिलेपर्यंत हुकूमच पोचत नव्हता.

तसलं रबर कुठं मिळेना. यासिन समोरच्या दुकानातून
ठिबकच्या नळीचा ग्रॉमेट घेऊन आला, दोन रुपयांचा.
चपखल बसला.
सीट पुढे ओढली. सात खटके.
"आता मारा सेल."
त्यांनी मारला. बंद केला. परत मारला,
शाळेची घंटा पहिल्यांदाच हाती लागलेल्या पोरीसारखा.

कोड पुसला. बिल करायला बसलो.
ग्रॉमेट, दोन रुपये. स्कॅनिंग, दोनशे.
खाली लिहिलं: सीट पुढे घेतली.
त्याच्यापुढे आकडा घातला नाही.