फळ्यांखालचा हौद

आमच्या चर्चमध्ये देव वर असे, पाणी खाली.
चार सागवानी फळ्या, त्यांवर सतरंजी,
सतरंजीवर पाळक भांबळसाहेबांचे करकरणारे बूट,
आणि बुटांखाली पोकळी.
"पाप" म्हणताना ते टाच आपटायचे,
तेव्हा खालून हौद हुंकार भरायचा.
आम्हाला वाटे, ऐकतंय कुणीतरी.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी नथानिएलमामा
पहार घालून फळ्या उचकटत.
तळाशी वर्षभराचा ऐवज:
अर्पणातून घरंगळलेली दहा पैशांची नाणी,
बोर्डेसरांच्या चष्म्याची काडी, मेलेली पाल,
एकदा तर माझाच दुधाचा दात,
लांबलचक प्रार्थनेत जिभेनं हलवून हलवून पाडलेला.

पण भरायचा कसा? नर्मदा तेव्हा नुकतीच इंदूरला पोचलेली,
परदेशीपुऱ्यात आमच्या गल्लीपर्यंत येता येता
करंगळीएवढी व्हायची.
मग यादवांच्या विहिरीपासून व्यासपीठापर्यंत
बादल्यांची माळ: साळवीकाकू, दोघे उजगरे,
पाळी संपवून तडक आलेली, केसांत कापूस अडकलेली माणसं,
आणि आम्ही पोरं, अर्ध्या बादलीचे मानकरी.
रामकलीबाई यादव रहाटाशी उभी.
"कित्ता पानी पीता है भिया, तुम्हारा भगवान!"
म्हणायची, आणि पुढची बादली स्वतः ओढायची.

मी तेरा वर्षांची होते. आईनं पांढऱ्या झग्याच्या घेरात
मिलमधले लोखंडी नट शिवले,
पाण्यात झगा फुगून वर येऊ नये म्हणून.
येशूच्या मागे चालणं असं नडगीला लागतं
हे संडे स्कूलमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

मला कबुतर अपेक्षित होतं.
भांबळसाहेब कानाशी म्हणाले, "नाक धर, बाळ."
मग पित्याच्या, पुत्राच्या...
आणि मालवा मिलचा भोंगा झाला.
साहेब थांबले. भोंग्यावर आवाज चढवत नसे आमच्यात कुणी,
निम्मी मंडळी त्याच्याच पगारातून दशांश द्यायची.
मी कमरेपर्यंत यादवांच्या विहिरीत,
दात वाजतायत, तारण अर्ध्यावर.
मग आत्मा आला, मी खाली गेले,
आणि पाण्यातून ऐकला बोर्डेसरांचा ऑर्गन,
दूर कुठंतरी गाय हंबरत असल्यासारखा.
वर आले ती उचकी घेऊनच.
मंडळी दोन कडवी जास्त गायली, ती थांबेपर्यंत.

प्रभुभोजनाचा पेला त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातात,
अंगठ्याएवढा. काळ्या मनुका उकळून काढलेला रस,
जरासा करपलेला, कारण साळवीकाकू
स्टोव्हपाशी उभ्या राहूनच गाणी घोकायच्या.
अजूनही पवित्र म्हटलं की
मला आधी तो करपट वास येतो.

भोंगा कधीचाच गेला. हौदाला म्हणे आता
निळ्या फरशा आहेत, गिझरसुद्धा.
बरंय. पोरं कुडकुडणार नाहीत.

सोमवारी मामा पाणी उपसून
कुंपणाजवळच्या जामाच्या झाडाला घालत.
ते जाम आम्ही आणि यादवांची पोरं
एकाच कागदातल्या मिठात बुडवून खायचो.

पण मला सांगायचं होतं ते फाटकापाशी घडलं.
रामकलीबाईनं अडवलं, माझी ओली वेणी पिळली.
आत सगळ्यांनी विचारलं होतं, विश्वास धरतेस का?
तिनं विचारलं, "ठंडा था?"
"भोत," मी म्हटलं.
"होगा ही," ती म्हणाली, रहाटाकडे बघत.
"हमारे कुएँ का है."