तिनास चाळीस

निकुंभ सर फळ्यावर आगगाडी काढायचे.
डबे तीनच, धूर मात्र पाऊण फळा.
"वेग समान आहे असं माना," म्हणायचे,
आणि आम्ही मानायचो,
देव मानतात तसा, न पाहता.

मी नीट पाहिलेला वेग एकच होता, आप्पांचा.
चाळीसगाव-धुळे लाइनीवर ते कीमन.
खांद्यावर हातोडा, काखेत झेंड्यांची गुंडाळी,
फडक्यात कळण्याची भाकर नि मिरचीचा ठेचा.
स्लीपरांतलं अंतर असं की
एकेक टाकलं तर पाऊल आखडतं, दोन टाकली तर मांडी भरते;
त्यातून त्यांनी स्वतःची एक चाल काढलेली,
घरात पाणी प्यायला उठले तरी तीच.

तीन किलोमीटर, चाळीस मिनिटं.
फाटकावरच्या भिकनकाकांच्या घड्याळावर
दोन रविवार धरून बसले होते मी.
मग वहीत मांडलं:
तिनास चाळीस, तर साडेसातास किती?
चाळीस गुणिले साडेसात, भागिले तीन.
शंभर.
इतकं गुळगुळीत उत्तर आलं
की चुकलं असणार म्हणून पुन्हा केलं.

दुसरं उदाहरण पुस्तकात नव्हतं.
ते बोरविहीरकडच्या फाटकावरून पाचला निघतात,
मी आमच्या फाटकावरून पाचला.
मधे साडेसात.
चाळीस मिनिटांत तीन, तर वीस मिनिटांत दीड,
म्हणजे तासाला त्यांचे साडेचार.
माझे तीन, चप्पल धरून.
साडेचार नि तीन, साडेसात.
अंतरही तेवढंच, दोघांचा मिळून वेगही तेवढाच!
सहाला भेट, माझ्यापासून तिसऱ्या दगडाशी.
मायला सांगितलं नाही.
बॅटरी घेतली, दोन बिबडे घेतले, आणि रुळाकडेच्या पायवाटेनं
माझं उत्तर बघायला निघाले.

सहा वाजता दगड होता.
दगडावर पांढरा चुना, चुन्यावर मुंग्या.
दोन्ही अंगाला दादर पोटरीला आलेली,
बाभळीवर शेवटचं ऊन, मग तेही नाही.
आप्पा नाहीत.
मी बेरीज पुन्हा केली. बेरीज बरोबर होती.
बेरीज बरोबर असून माणूस नाही
हे काय असतं ते मला तोवर माहीत नव्हतं.

मग रुळातून आलं, टण्.
जरा वेळ काहीच नाही.
टण्. टण्.
पुन्हा काहीच नाही, आणि मग चार लागोपाठ.
कशाच्याच प्रमाणात नव्हतं ते.

सहा वीसला अंधारातून ती चाल आली.
"आप्पा, वीस मिनिटं उशीर.
म्हणजे दीड किलोमीटर. कुठं सांडलं?"
रागवायला तोंड उघडलं होतं त्यांनी, ते तसंच राहिलं.
"सतरा चाव्या ढिल्या व्हत्यात, बाय," म्हणाले,
"तुना गणितमा ठोकानं लिखेल नही शे का?"

परतताना ते तासाला तीननं चालले.
मी सांगितलं नव्हतं माझा वेग किती.
अर्ध्या वाटेत धुळ्याकडून पॅसेंजर आली.
मला कडेला ओढून त्यांनी बॅटरी खाली धरली
आणि चाकांकडे बघत राहिले, खिडक्यांकडे नाही.
डबे गेले.
खडक-खडक, खडक-खडक, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत
एका मापात, कुठं अडखळ नाही.
आप्पांनी बिबडा मोडला, अर्धा मला दिला.
तेव्हा मी पहिल्यांदा पाहिला,
सर फळ्यावर मानायला सांगतात तो.

चाचणीत तसलंच उदाहरण आलं,
दोन माणसं, समोरासमोर, साडेसात किलोमीटर.
उत्तर लिहिलं: एक तास.
खाली बारीक अक्षरात:
ठोकणं धरलेलं नाही.
सरांनी दोनपैकी दोन दिले,
आणि त्या ओळीशेजारी लाल पेनानं
एक प्रश्नचिन्ह काढून, गिरवून ठेवलं.