टिचकी

दियारबाकिरच्या काळ्या तटाखाली
शेखमूसचा कलिंगडांचा ढीग. शेजारी मी, चीजवाला.

हल्ली पोरं येतात, फळाला फोन टेकवतात,
बोटानं ठोकतात. अ‍ॅप ऐकतं, सांगतं:
पिकलंय, ब्याऐंशी टक्के.
शेखमूस हसतो,
उरलेले अठरा सुरी सांगेल म्हणतो.

चाळीस वर्षं त्याची टिचकी सगळा बाजार मानत आला.
बद्द म्हणजे पिकलं. टण्ण म्हणजे थांब.

परवा मी लवकर आलो
तर हा पाठमोरा, नातीचा जुना फोन घेऊन
एकेका कलिंगडावर वाकलेला.
टिचकी. पडदा बघायचा. खडूनं खूण.
टिचकी. पडदा.
मी हाक मारली. दोनदा.
तिसऱ्यांदा चांगली मोठ्यानं.
वळला नाही.

मग मी गुपचूप चीज मांडत बसलो.

पहिलं गिऱ्हाईक आलं. त्यानं कलिंगड कानाशी धरलं,
खडूची खूण अंगठ्यानं पुसली,
डोळे मिटले, टिचकी मारली,
आणि जुन्यासारखीच मान डोलावून म्हणाला, घ्या.

फोडलं. लालबुंद.

कान अजून शाबूत आहेत हं तुझे, मी म्हटलं.
तो माझ्या ओठांकडे बघत राहिला,
मग एक फोड कापून
माझ्या हातावर ठेवली.